टेप चालू हाय का

तीस सेकंद बस झाले, मामा, हितेन म्हणाला.
त्याच्यापुढे आजकाल कुणी थांबत नाही.
हितेन माझा भाचा. महाप्याला कुठल्याशा बँकेचे सर्व्हर सांभाळतो,
आणि रविवारी माझ्या एकशे बारा कॅसेटी
एका काळ्या वायरीतून कॉम्प्युटरमध्ये ओततो.
पडद्यावर हिरवी रेघ. वरखाली होते तेव्हा गाणं.
सपाट होते तेव्हा कुणीतरी पान लावत असणार.

रेघेवर दोन खुंट्या. एक सुरुवातीची, एक शेवटची.
माउसने धरायच्या, सरकवायच्या,
मधलं ठेवायचं, बाकीचं सोडून द्यायचं.
चार मिनिटांच्या गाण्यातले तीस सेकंद
म्हणजे बरोब्बर साडेबारा टक्के.
हिशेब मी जुळवला नाही, जुळला.
घणसोली गावात हा आकडा
कुणाला समजावून सांगावा लागत नाही.
आमची खाजणं मोजायला आले होते, त्यांनीही
आधी खुंट्याच मारल्या होत्या.

तर मी माणसं वाटून घेतली.
बायकोला क्लॅरिनेट, दिवागावच्या बँडचा, वरातीतला.
पोरीला ढोलकीचा तोडा, कारण ती फोन करते तोच भांडत.
सोसायटीच्या सेक्रेटरीला, माझी चूक,
माझी सगळ्यात लाडकी सतार दिली.
सहा महिन्यांनी वाशीच्या एका हॉलमध्ये
जेवणाच्या पंगतीवर कुणीतरी तीच सतार लावली
आणि हातातला गुलाबजाम तसाच राहिला.
पाण्याचं बिल. गच्चीची गळती. पार्किंग.
सतार पुढे गेली, एकतिसाव्या सेकंदात शिरली,
मी मात्र 'हॅलो' म्हणायला तोंड उघडून बसलेला.

चांगलं गाणं वाईट माणसाला देऊ नये.
एवढं एक मी शिकलो. लिहून ठेवा.

शेवटच्या खोक्यात चांगुणामावशीची कॅसेट होती.
एकोणनव्वदची हळद, आमच्याच दारातली.
मावशी धवलारीण. तिच्याशिवाय गावात
कुणाचं लग्न लागल्यासारखं लागत नसे.
दोन्ही बाजू मिळून नव्वद मिनिटं धवले,
आणि हितेनला खुंटी मारायला जागाच सापडेना.
मावशीचा श्वास संपतो तिथे
सोबतीण ओळीचं टोक उचलते,
तिचा संपायच्या आत मावशी परत हजर.
हिरवी रेघ कुठेच जमिनीला टेकत नाही.
कुठूनही कापा, कुणाच्या तरी तोंडातलं कापलं जातं.

मग त्याने अगदी सुरुवातीला नेलं.
खोकला. बांगड्या. कुणाचं तरी पोर रडतंय.
आणि मावशी, टेपच्या फार जवळ येऊन,
जणू आत कुणी झोपलंय त्याला उठवायचंय:
टेप चालू हाय का रं?

त्याच्यानंतर सतरा वर्षांचा मी, फाटक्या आवाजात,
'चालू हाय.'

अकरा सेकंद. माझं उत्तर मी कापायला लावलं.
आता ज्यांची नावं माझ्याकडे नाहीत
त्या सगळ्यांना मी तिला देऊन टाकलंय:
कुरिअरवाले, कर्जवाले, चुकून लागलेले.
डी-मार्टच्या रांगेत मावशी विचारते, लोक वळून बघतात,
मी हिरवं बटण दाबून म्हणतो, चालू आहे, बोला.
पलीकडची मुलगी क्षणभर गोंधळते
आणि मग पर्सनल लोनचं सुरू करते.

मावशी आहे अजून. चौऱ्याऐंशी.
दात नाहीत, कान अर्धे, गाणं मागेच थांबलं.
परवा तिच्या ओटीवर बसलो होतो, सोडे निवडत होती,
आणि खिशातला फोन वाजला. मी उचलला नाही.
एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तिने विचारलं
टेप चालू हाय का रं, टेप चालू हाय का रं.

मावशीने हातातला सोडा ताटात टाकला.
माझ्या खिशाकडे बघितलं, मग माझ्याकडे, जरा रागानेच.
कोन रं ती बाय? कवाची इचारते.
जबाब दे ना तिला.